केसपेपरवर न छापलेला रकाना

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



कान सोनारानेच टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात, आणि मी काही सोनार नव्हे. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली स्टाफ नर्स आहे. त्यातली शेवटची अकरा वर्षं एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात गेली. त्याला आम्ही एसएनसीयू म्हणतो आणि बाहेर बसलेले नातेवाईक ‘काचेची खोली’ म्हणतात. रुग्णालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. घातलं तर तेवढ्याच ठिकाणाहून खुलासा मागवला जाईल, एखाद्या सिस्टरची बदली होईल आणि फाईल बंद होईल.

सोनाराची म्हण मात्र उगाच सुचली नाही. बाराव्या दिवशी तो घरी येतो तेव्हा बाळ कुठे असतं ते आठवून पाहा. आजीच्या मांडीवर, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. कुणीतरी डोकं धरलेलं असतं, कुणी जिभेवर गोडाचं बोट टेकवतं, आणि दुसरा कान टोचून झाला रे झाला की बाळ आईच्या पदराखाली जातं. हे त्या घराला कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या कक्षात पदव्या होत्या, मॉनिटर होते, भिंतीतून येणारा ऑक्सिजन होता. पण बाळाला टोचायची वेळ आली की आई दाराबाहेर आणि बाळ वॉर्मरवर उघडं, एकटं.

एका रात्रीचं सांगते. साखर कारखान्यांचा हंगाम होता. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई कोपीवरून, म्हणजे टोळीच्या झोपडीतून, थेट आली आणि तासाभरात बाळंत झाली. मुलगी, अकराशे ग्रॅम, दिवस अपुरे. तिसऱ्या रात्री तिचं सलाईन बाहेर गेलं, हात सुजला, नवी शीर शोधायची होती. एवढ्याशा बाळाची शीर म्हणजे शिवणाच्या दोऱ्याएवढी, टॉर्च लावून शोधावी लागते. डाव्या हाताला दोनदा, उजव्याला दोनदा, मग पाय, मग डोकं. सातव्या वेळी सुई बसली. शिवाय साखर तपासायला टाच टोचलेली होतीच. पहिल्या दोन सुयांना ती रडली होती. म्हणजे तोंड उघडलं, आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. नंतर रडणं थांबलं. हातपाय सैल पडले, नजर कुठेतरी लागून राहिली. मी पट्टी चिकटवली, बाहेर आले आणि तिच्या आईला म्हटलं, ‘शहाणी आहे हो तुमची पोर, अजिबात रडली नाही.’

साहेब, मी हे पत्र त्या वाक्यासाठी लिहिते आहे.

ती शहाणी नव्हती, दमली होती. रडायलाही अंगात शक्ती लागते, आणि अकराशे ग्रॅमच्या देहात ती मोजकीच असते. हे मला नोकरीच्या अगदी शेवटी एका प्रशिक्षणात कळलं. तोवर मी कित्येक बाळांना ‘शहाणं’ म्हणून मोकळी झाले होते.

मी एकटीच चुकत होते असंही नाही. जगातले मोठमोठे डॉक्टर याच समजुतीवर चालत आले होते. १९४१ साली अमेरिकेत मर्टल मॅक्ग्रॉ या अभ्यासक बाईंनी तान्ह्या बाळांना टाचणी टोचून त्यांची प्रतिक्रिया नोंदवली. अगदी नव्या बाळांची प्रतिक्रिया ढोबळ, कधी अजिबात नाही, म्हणून त्यांच्या मेंदूच्या वरच्या थरापर्यंत वेदना पोहोचत नसावी असा अर्थ लावला गेला. शरीरशास्त्राचा आधारही मिळाला. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचं वेष्टण पुरतं तयार नसतं, तेव्हा निरोप जाणार कसा? मोठ्या माणसाच्या अंगातही ठणकणाऱ्या वेदनेचा निरोप नेणारे पुष्कळसे तंतू वेष्टणाशिवायचेच असतात, ही गोष्ट पुस्तकात होती. ती कुणी या प्रश्नाशेजारी आणून ठेवली नाही. भूल देण्याची भीतीही खरी होती. इतक्या नाजूक बाळाला भूल दिली आणि ते उठलंच नाही तर? मग त्याला दुखतच नाही असं मानणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

ती सोय कुठवर गेली ते पाहा. फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाचा मुलगा फार लवकर जन्मला. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी, ती उघडीच राहिली होती, म्हणून त्याच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. त्याला हालचाल थांबवणारं औषध दिलं होतं. भूल दिली नव्हती, वेदनाशामकही नव्हतं. तो हलू शकत नव्हता, ओरडू शकत नव्हता, इतकंच. शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी तो गेला. त्याच्या आईला, जिल लॉसन यांना, हे सगळं मूल गेल्यावर कागदपत्रं मागवली तेव्हा समजलं. त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रं लिहिली, डॉक्टरांना, संस्थांना, वर्तमानपत्रांना. १९८६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ही हकिगत छापली आणि तिथले आईबाप खडबडून जागे झाले, कारण हे एकाच मुलाच्या बाबतीत घडलं नव्हतं, तेव्हाच्या रिवाजाला धरूनच घडलं होतं.

त्याच सुमाराला इंग्लंडात ऑक्सफर्डला एक तरुण भारतीय डॉक्टर याच प्रश्नाशी झगडत होता. कंवलजीत सिंग आनंद. एमबीबीएस इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजचं. शस्त्रक्रियेहून परत आलेली अपुऱ्या दिवसांची बाळं राखाडी पडलेली, नाडी क्षीण, असं का दिसतं, हा त्यांना पडलेला साधा प्रश्न. आत काय घडतं ते त्यांनी जाऊन पाहिलं आणि मग मोजायला घेतलं. जेफ्रीची झाली तशाच शस्त्रक्रियेच्या वेळी काही बाळांना फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, काहींना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दिलं नाही. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळली, शरीर आतल्या आत जळत राहिलं आणि नंतरच्या अडचणीही त्यांनाच जास्त आल्या. भूल दिली तर बाळ दगावेल म्हणून देत नव्हते. प्रत्यक्षात न देण्याचीच किंमत बाळ मोजत होतं. जानेवारी १९८७ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं की वय लहान म्हणून भूल नाकारता येणार नाही.

१९८७. मी नोकरीला लागले त्याच्या आधीची ही गोष्ट. माझ्या नर्सिंगच्या पुस्तकात बाळाला पुसावं कसं, दुधाच्या नळीचं माप कसं घ्यावं, सगळं होतं. बाळाला दुखतं, एवढं एक वाक्य नव्हतं.

त्यानंतर जे समजत गेलं ते सगळं सांगत बसत नाही, दोन-तीन गोष्टी फक्त. पोटातल्या विसाव्या आठवड्यापर्यंत बाळाच्या अंगभर स्पर्श आणि वेदना टिपणारे तंतू पसरलेले असतात. मोठ्या माणसाच्या मेंदूतून खाली येऊन वेदना दाबणारी जी यंत्रणा असते ती मात्र फार उशिरा तयार होते. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे घंटा आहे, ती थांबवायचं बटण नाही. लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड यांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा टोचलेली टाच हुळहुळी होते, नुसत्या स्पर्शालाही बाळ पाय ओढून घेतं. हे आम्ही रोज पाहत होतो आणि ‘किरकिरं आहे’ म्हणत होतो. २०१५ मध्ये ऑक्सफर्डलाच नवजात बाळांच्या मेंदूचे स्कॅन काढले. वेदनेच्या वेळी मोठ्यांच्या मेंदूतले जे वीस भाग जागे होतात, त्यांतले अठरा त्या बाळांतही जागे झाले. आणि ‘बाळ विसरतं हो’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास. १९९७ साली कॅनडात अ‍ॅना टॅडिओ यांनी पाहिलं की जन्मल्यावर लगेच सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात, आणि त्यातही ज्यांना सुंतेच्या वेळी बधिर करणारं मलम लावलं नव्हतं ती सर्वांत जास्त. आठवणीत नसेल, अंगात असतं.

आता आमच्या खोलीत या. बाळ आत आलं की काय काय होतं? सलाईन. रक्त. टाच टोचून साखर, कधी तीन तासांनी, कधी दर तासाला. नाकातून पोटात नळी, आणि ती हलू नये म्हणून गालाला चिकटपट्टी. ती पट्टी काढताना कांद्याच्या पापुद्र्यासारखी त्वचा सोबत येते. श्वास लागला तर नाकात सीपॅप, नाकाची कड लाल होऊन सोलवटते. घशातला कफ ओढायचा. काहींच्या श्वासनलिकेत ट्यूब. दोन किलोच्या आतल्या बाळांची महिन्याच्या सुमारास डोळ्याच्या पडद्याची तपासणी, पापण्या तारेच्या चिमट्याने ताणून धरलेल्या. ही तपासणी अंधत्व टाळते, व्हायलाच हवी. पण मी ती पाहताना दर वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले आहे.

पॅरिसच्या परिसरात कार्बाहल नावाच्या डॉक्टरांनी हे सगळं मोजलं. ४३० बाळं, प्रत्येकाचे अतिदक्षता कक्षातले पहिले चौदा दिवस. दर बाळाला रोज साधारण दहा वेदनादायी कृती, आणि त्यांतल्या शंभरातल्या जवळजवळ ऐंशी वेळा खास त्यासाठी वेदना कमी करणारं काहीही दिलेलं नाही. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, फ्रान्ससारख्या देशातलं. आपल्याकडचा आकडा मी सांगत नाही, कारण माझ्या कक्षात तो कधी मोजला गेला नाही. मोजणार कशावर? आमच्या तक्त्यावर तापमानाचा रकाना होता, वजनाचा, साखरेचा, ऑक्सिजनचा, श्वासाचा, लघवीचा, दूध किती मिलिलिटर गेलं त्याचा. दर पाळीला भरायचा, सही करायची. राहिला तर दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टर कान उपटायच्या. वेदनेचा रकाना नव्हता. जे लिहायचं नसतं ते सरकारी दवाखान्यात बघितलंही जात नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

बोलता न येणाऱ्याची वेदना मोजायची कशी, हे विचाराल तर त्याची साधनं तयार आहेत, तीही कागद-पेनाची. एका पद्धतीत सहा गोष्टी बघायच्या: चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि जाग. सातपैकी गुण द्यायचे. मिनिटभर लागतं. दुसरीत भुवया फुगल्या का, डोळे घट्ट मिटले का, नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल झाली का हे पाहतात, सोबत नाडी आणि ऑक्सिजन. या दुसऱ्या पद्धतीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. त्यात बाळ जितकं कमी दिवसांचं, तितके गुण त्याला जास्तीचे धरतात. ज्याला रडता येत नाही त्याचं न रडणं त्याच्या विरुद्ध जाऊ नये म्हणून. माझ्या ऊसतोडीवाल्या मुलीला त्या रात्री किती गुण मिळाले असते याचा हिशेब मी निवृत्तीनंतर घरी बसून केला आहे.

आता उपाय. यासाठी तुम्हाला मशीन विकत घ्यावी लागणार नाही, टेंडर काढावं लागणार नाही. टोचण्यापूर्वी साधारण दोन मिनिटं जिभेच्या टोकावर साखरेच्या पाण्याचे मोजके थेंब ठेवले तर बाळ कमी कळवळतं, हे जगभर पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. आपल्याकडे त्यासाठी पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज वापरता येतं, आणि त्याची बाटली इमर्जन्सी ट्रेमध्ये असतेच. आजी मधाचं बोट लावायला यायच्या तेव्हा मी त्यांना हाकललं आहे आणि आजही हाकलेन. मध तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतो. पण गोडाने कळ सोसते, हे आजींना आमच्याआधी माहीत होतं, एवढं कबूल करायला हवं.

साखर म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगते, नाहीतर उद्या तुमचे अधिकारी प्रत्येक सुईला एक बाटली असा हिशेब लावतील. २०१० साली लंडनला रेबेका स्लेटर यांनी दाखवलं की साखर दिलेल्या बाळाचा चेहरा शांत होतो, पण टाच टोचल्यावर मेंदूत उमटणारी खूण तशीच राहते. यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर चेहऱ्यावरची कळ कमी झाली हेही थोडं नाही. मात्र साखर हाताशी आहे म्हणून जास्त वेळा टोचायला मोकळीक मिळाली, असं होता कामा नये. पहिला उपाय कमी टोचणं हाच. चार वेळा चार डॉक्टरांनी रक्त मागण्याऐवजी एकदाच काढा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं रक्त टाचेऐवजी शिरेतून काढलं, आणि काढणारा हात सरावाचा असला, तर त्याला कमी दुखतं. दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर दुसऱ्याने हात लावावा. हा नियम मी एका खासगी रुग्णालयात भिंतीवर पाहिला आणि मला माझे सात आठवले.

मोठ्या कृतींना, शस्त्रक्रियेला, ट्यूब घालताना, साखर पुरत नाही, तिथे औषधच लागतं. तिथे आमच्याकडे वेगळीच अडचण. फेंटानिल, मॉर्फिन म्हटलं की कुलूप, रजिस्टर, दोन सह्या, आणि ‘नको बाई झंझट’. २०१४ मध्ये संसदेने अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती केली ती याचसाठी, की अशी अत्यावश्यक औषधं मान्यताप्राप्त रुग्णालयांना सरळ मिळावीत. कायदा सैल झाला, कपाटाचं कुलूप अनेक ठिकाणी तसंच आहे. पण उलट टोकालाही जायचं नाही. ऑक्सफर्डलाच डोळ्यांच्या तपासणीआधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तोंडाने मॉर्फिन देऊन पाहिलं, तर काहींचा श्वास मंदावला, फायदाही दिसला नाही आणि २०१८ पर्यंत तो अभ्यास मध्येच थांबवला गेला. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना बाळगोळी चारून निजवायच्या. त्या गोळीत अफू असे. मूल गप्प राहायचं. जेफ्री लॉसनही गप्पच होता. बाळ गप्प करणं आणि बाळाचं दुखणं थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि औषध कोणतं, किती, हे ठरवायला शिकलेला डॉक्टर चोवीस तास लागतो. तो मागणं हा या पत्राचा विषय नाही, ती मागणी तुमच्या टेबलावर आधीच असेल.

माझा खरा विषय दाराबाहेर बसलेला आहे.

अमेरिकेत बॉस्टनला २००० साली एक साधी गोष्ट करून पाहिली. टाच टोचताना बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं. पाळण्यात ठेवलेल्या बाळांपेक्षा रडणं ८२ टक्क्यांनी कमी. अंगावर पिता पिता टोचलं तरी असाच गुण येतो. आणि आईला अगदीच जमत नसेल, बाळ नळ्यांनी वेढलेलं असेल, तर तिने दोन हातांनी त्याचं डोकं आणि पाय जवळ गोळा करून धरायचे, पोटात होतं तसे. एवढंच. हे हात कक्षाच्या बाहेर, जिन्याच्या खाली, सतरंजीवर, चोवीस तास रिकामे बसलेले असतात. दर तीन तासांनी दूध काढून वाटी आत पाठवतात आणि पुन्हा बसतात.

आईला आत घ्यायला परवानगी नाही असं नाही. केंद्राने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाने नवजात बाळाची देखभाल कशी करावी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या कामावर आधारलेल्या होत्या. दिल्लीच्याच सफदरजंगमध्ये आईची खाट बाळाच्या कक्षातच ठेवली. तिथे आणि आफ्रिकेतल्या चार देशांत मिळून तीन हजारांवर कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. जंतुसंसर्ग होईल म्हणून आईला बाहेर ठेवा, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो, आणि आकडे उलटंच बोलले. आपल्या राज्याला तरी हे नवं वाटायला नको. १९८९ मध्ये शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, बालमृत्यू खाली आणून दाखवले, आणि आज देशभरच्या आशाताई घरोघरी बाळं बघतात त्याचं मूळ तिथे आहे. गावातल्या बाईच्या हाती सुई देणारा महाराष्ट्र बाळाच्या आईला त्याचे पाय धरू देत नाही, हे मला पटत नाही.

मग आम्ही आईला आत का घेत नव्हतो? खरं सांगते. रात्री आम्ही दोघी असायचो आणि बाळं वीस-बावीस. एका वॉर्मरवर दोन-दोन. आई आत आली की ती विचारते. हे काय लावलं, ते का लाल झालं, किती वेळा टोचणार. सातव्या सुईला आई समोर असती तर मी चौथ्यालाच थांबले असते, डॉक्टरांना उठवलं असतं. नियम जंतूंचा होता, सोय आमची होती.

एक आजी मात्र मला अजून आठवते. नातवाची पाचवी होती त्या रात्री. तिने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. सटवाई येऊन कपाळावर लिहिते ना, बाळाजवळ ठेवा म्हणाली. मी म्हटलं, आत काही चालत नाही. ती हटेना. शेवटी मी ते पेन आणि कागद पॉलिथिनच्या पिशवीत घालून केसपेपरच्या पॅडखाली सरकवलं. ‘सटवाईला आत सोडाल ना, बाई?’ म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, चपला बाहेर काढून, कोपरापर्यंत हात धुऊन आली तर सोडू. आजी हसली. सटवाईला सोडायला मी तयार होते, आजीच्या सुनेला नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मागणं दोन ओळींचं आहे. राज्यातल्या प्रत्येक एसएनसीयूच्या नोंदतक्त्यावर वेदनेचा एक रकाना छापा, पाळीला भरायचा, सहीसकट. आणि लेखी आदेश काढा की बाळाला टोचताना आई, नाहीतर आजी, नाहीतर बाप, ज्याची इच्छा असेल तो बाळाजवळ असेल; त्या आदेशाची मराठीतली प्रत दारावर आईला वाचता येईल एवढ्या अक्षरात लावा. बाकी साखर, चिकटपट्टी, प्रशिक्षण, कमी टोचणं हे त्या रकान्यामागून आपोआप येईल. आकडा दिसू लागला की वरून विचारणा होते. विचारणा झाली की खाली हालचाल होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा ‘एसएनसीयू’ हा शब्द राज्यात पहिल्यांदा घरोघरी पोहोचला. त्यानंतर आमच्याकडे वायरी तपासल्या गेल्या, नळकांडी टांगली गेली, तारखा लिहिलेले तक्ते आले. तक्ता आल्यावर काम होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यासाठी आगच लागायला हवी असं नाही.

मनुष्यबळ नाही, असं तुमचे सचिव सांगतील. खरं सांगतील. सिस्टर वाढवा. पण वाढेपर्यंत थांबू नका, कारण दाराबाहेर बसलेल्या मनुष्यबळाला पगार द्यावा लागत नाही.

ती ऊसतोडीवाली मुलगी जगली. पाच-सहा वर्षांनी तिची आई मला आठवडी बाजारात भेटली, पोरीला पुढे करून म्हणाली, सिस्टर, ही तुमची शहाणी. पोरीने चप्पल काढली आणि टाच वर करून दाखवली. दोन्ही टाचांवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके होते. आईने विचारलं, हे कशाचे हो? मी सांगितलं. तिने काही म्हटलं नाही, पोरीची टाच नुसती हाताने चोळली.

कक्ष पाहायला यायचं मनात आलं तर दिवसा येऊ नका, दिवसा चादरी बदललेल्या असतात. रात्रपाळी आठला सुरू होते. दहानंतर या, न कळवता, आणि आत जाण्याआधी दारापाशी बसलेल्या बायकांजवळ थोडा वेळ बसा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका